मोऱ्याची उजवी बाजू

अडेल बैल वेगळा आणि आखडलेला बैल वेगळा. हा फरक कळला नाही तर चांगलं जनावर बाजारात जातं. आमचा मोऱ्या असाच जायच्या बेतात होता.

वय सहा. अंगाने बारका पण चिवट, कोकण कपिला असते तसा. (२०१८ मध्ये या जातीची देशपातळीवर नोंद झाली. तोवर आपण तिला नुसतं 'गावठी' म्हणायचो.) चार पावसाळे मोऱ्या जोताला डाव्या अंगाला. आमचं जोत डावीकडेच वळत फिरतं, मळणीलाही तिवड्याभोवती तीच दिशा. उजवीकडे वळायचं म्हटलं की मान ताठ, मागचं अंग बाहेर फेकणार आणि शेवटी उभाच. आमचे कुणगे इतके लहान आणि बांध इतके उंच की पॉवर टिलर उतरत नाही. तिथे वळणारा बैलच लागतो. घरात विकायचं बोलणं सुरू झालं.

आधी पशुवैद्यकांकडून तपासून घेतला. खूर वाढलेत का, खांदा सुजलाय का, सांध्यात दुखणं आहे का. मागचा पाय मध्येच ताठ राहून झटक्याने सुटत असेल तर गुडघ्याची वाटी अडकते, त्यावर छोटी शस्त्रक्रिया असते. असलं काही असेल तर व्यायाम नको, इलाज हवा. मोऱ्याला यातलं काही नव्हतं.

मग घरची परीक्षा. हिरव्या गवताची पेंडी डाव्या बरगडीजवळ धरली, मान वळवून लगेच खाल्ली. उजवीकडे धरली तर मान अर्ध्यावर थांबली आणि अख्खा बैलच फिरला. म्हणजे खोड नाही, अंगच तिकडे वाकत नव्हतं.

किनाऱ्यावर घोडा फिरवणारा एक ओळखीचा आहे. तो म्हणाला, घोडाही एका अंगाला कडक असतो, म्हणून त्याला दोन्ही दिशांनी गोल चालवतात. हे फार जुनं आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफोन या ग्रीक माणसाने घोड्यावरच्या पुस्तकात दोन्ही बाजूंना वळण्याची सवय लावायला सांगितलंय. बैल म्हणजे घोडा नव्हे, पण स्नायू ते स्नायूच.

शिमग्यानंतर सुरुवात केली. सकाळी आठच्या आत, वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. जागा कापणी झालेल्या मळ्यातली, ढेकळं फोडून सपाट केलेली. कातळावर नको, खूर आणि सांधे दुखावतात. रेतीतही नको, पाय रुततात आणि जनावर लवकर दमतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेसणीला हात नाही. नाक दुखलं की बैल मान आणखी आवळतो, मग वाकणार कसा? म्होरकीला दोरी लावायची आणि माणसाने खांद्याजवळ चालायचं. पहिला आठवडा नुसती पेंडी, दोन्ही बाजूंना चार-चार वेळा. नंतर खुंट्याभोवती वीस हात रुंद रिंगण, डावीकडे दोन फेरे, उजवीकडे तीन. घाई केली की तो वाकत नाही, कलंडतो. आतला मागचा पाय पोटाखाली येतोय का तेवढं बघत राहायचं. तो येऊ लागला तसं रिंगण लहान केलं. मग दोन कलमांभोवती आठच्या आकड्यासारखं चालवलं. हे त्याला सर्वात जड गेलं, कारण मध्यावर बाजू बदलते. पाच बांबू आडवे टाकून त्यांवरून चालवणंही केलं, त्याने पाय उचलायची सवय लागते. तोंड उघडून धापा टाकू लागला की तिथेच बंद. आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

पाचव्या आठवड्यात उजव्या बरगडीजवळची पेंडी त्याने उभ्या जागी खाल्ली. घरातली विक्रीची भाषा त्या दिवसापासून बंद आहे, निदान माझ्यासमोर तरी.

आता बाजू बदलून तांबूबरोबर रिकामं जू ओढवतोय. मोठ्या मळ्यात उजवीकडे छान फिरतो. अरुंद कोपऱ्यात अजून एक पाऊल बाहेर टाकतो, चिखलात ते वाढेल असं वाटतं. म्हणून मृगाला जोत धरलं की त्याला उजवीकडे जुंपून रोज सकाळचा एकच कुणगा, बाकी जुन्या बाजूने.

तांबू मात्र इतकी वर्षं बाहेरच्या अंगाला चालून डावीकडे लांब ढांगा टाकायला शिकलाय, त्याला उजवीकडे जागच्या जागी वळता येत नाही. पेंडी घेऊन परवापासून त्याच्या मागे लागलोय.