गादी की दुसऱ्यांच्या वह्या?

आपल्या घरांतील मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला, की एक प्रश्न उभा राहतो : दुकानाच्या गादीवर बसावे, की सीएच्या कार्यालयात दुसऱ्यांच्या वह्या तपासाव्यात? आडते बाजारात दुकान असलेल्या माझ्या मावसभावाने मला हेच विचारले. मुलगा सीए इंटर उत्तीर्ण झालेला. "दादा, पिढ्यांचे दुकान सोडून हा दुसऱ्याचे हिशेब लिहिणार का?" त्याच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती.

बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षे काढली. अशा कार्यालयांतून आलेले ताळेबंद वाचणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे तेथील गुणदोष जवळून पाहता आले.

लाभ मोठा आहे. दुकानात मुलगा एकच धंदा शिकतो. तेथे किराणा, कापड, भुसार, औषधे, एमआयडीसीतील कारखाना असे अनेक धंदे तो आतून पाहतो. नफा दिसूनही हातात रोकड का नसते, थकलेली उधारी चांगले दुकान कसे पोखरते, भावाभावांची भांडवलखाती वेळेवर न जुळल्यास कलह कसा माजतो, हे पुस्तकात उमगत नाही.

दोषही तितकेच खरे. वेळ आपला राहत नाही. महिन्याची 11 आणि 20 तारीख जीएसटीची, जुलैअखेर प्राप्तिकराची, सप्टेंबरअखेर लेखापरीक्षणाची. पर्युषण पर्वही याच गर्दीत येते. क्लायंट कागद शेवटच्या दिवशी आणतो आणि विलंबाचा दोष कार्यालयाला देतो. विद्यावेतन तुटपुंजे; श्रम आपले, पेढी दुसऱ्याची.

सर्वांत कठीण परीक्षा वेगळीच. "बँकेसाठी विक्री जरा वाढवून दाखवा," असे म्हणणाऱ्या क्लायंटला नकार कोणी द्यायचा? एकाच दुकानाचे दोन ताळेबंद, एक प्राप्तिकरासाठी व एक कर्जासाठी, माझ्या टेबलावर आलेले आहेत. 2019 पासून सीएंच्या प्रमाणपत्रांवर व अहवालांवर यूडीआयएन क्रमांक अनिवार्य झाला आणि बँकेला पडताळणी सोपी झाली. तरीही मोह संपलेला नाही, आणि असे आकडे प्रत्यक्ष भरणारा हात बहुधा विशीतल्या मुलाचाच असतो.

म्हणून मावसभावास मी सांगितले : जुलै 2023 पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, तेवढी वर्षे मुलाला जाऊ द्या. मात्र कार्यालय निवडताना विद्यावेतन पाहू नका. तेथील सीए क्लायंटला 'नाही' म्हणू शकतात का, एवढे पाहा. आणि मुलगा परतला तर त्याला केवळ गल्ल्यावर बसवू नका, हिशेबावर बसवा.

परवा त्याचा फोन आला. नव्वद दिवसांवरील उधारीची यादी मुलाने त्याच्याकडे मागितली होती. "माझ्याच दुकानाची चौकशी करतो!" तो म्हणाला. मी म्हटले, "यादी द्या."