यवतमाळचें आझाद मैदान

प्रवासवर्णन म्हटलें कीं तें काशी-रामेश्वराचें, निदान महाबळेश्वराचें तरी असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. आमचा प्रवास अवघ्या पाऊण कोसाचा आहे. सकाळीं स्नानसंध्या आटोपली कीं काठी घेऊन दत्त चौकावरून आझाद मैदानापर्यंत जावें, तेथें अंमळ टेकावें आणि परत यावें, हा आमचा सेवानिवृत्तीनंतरचा नित्यक्रम.

यवतमाळ हें इंग्रजी अमदानींत वसलेलें कचेऱ्यांचें गांव, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. 'आईन-ई-अकबरी'मध्यें 'योत-लोहारा' या नांवानें येथील परगण्याची नोंद आहे. नांवांतील 'माळ' हा 'महाल' शब्दाचा अपभ्रंश होय. लोहारा आजही शहरालगत पश्चिमेस आहे. जिल्ह्यास मात्र यवतमाळचें नांव १९०५ सालीं मिळालें. तोंवर तो वणीच्या नांवानें ओळखला जाई.

एकदां पुण्याहून आलेले आमचे व्याही मैदानाकडे पाहून म्हणाले, "येथें पाहण्यासारखें काय आहे हो?" त्यांच्या डोळ्यांपुढें शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा! आम्हांस चटकन उत्तर सुचलें नाहीं. पुढें विचार करतां वाटलें कीं, येथें पाहावयाचें फारसें नाहीं, ऐकावयाचें आहे.

सभा ऐकण्याची संवय यवतमाळास लोकनायक बापूजी अणे यांनीं लावली, असें आमचे वडील म्हणत. बापूजी मूळचे वणीचे, जन्म १८८० चा. १९३० सालीं देशभर मिठाचा सत्याग्रह चालला, तेव्हां समुद्र नसलेल्या वऱ्हाडानें काय करावें? अकोल्याकडे दहिहांड्यास खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढलें गेलें. आमच्या जिल्ह्यांत रानें होतीं, आणि रानांतील गवतावर सरकारचा निर्बंध होता. १० जुलै १९३० रोजीं बापूजींनीं पुसदजवळ राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला व कारावास पत्करला. त्याच महिन्यांत डॉ. हेडगेवार व त्यांचे सहकारी यांनीं वर सांगितलेल्या लोहाऱ्याच्या रानांत सत्याग्रह केला. याच बापूजींनीं पुढें 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हें टिळकांचें पद्यचरित्र संस्कृतांत रचलें. त्यास १९७३ सालीं मरणोत्तर साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. त्यांतील कांहीं श्लोक आम्हीं वर्गांत मोठ्या उत्साहानें वाचून दाखविले होते. मुलांनीं त्या तासास चांगली झोप घेतली. असो.

आमच्या शहरांत साहित्य संमेलन दोनदां भरलें. १९७३ चे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. २०१९ च्या अध्यक्षा अरुणा ढेरे. परंतु त्या संमेलनाचें उद्घाटन केलें तें वैशाली येडे या, आमच्याच जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीनें. बाहेरगांवच्या मंडळींस त्याचें नवल वाटलें. आम्हां यवतमाळकरांस वाटण्याचें कारण नव्हतें. तरी आम्ही स्वतः मैदानांतील धरणें-उपोषणांस गलका समजून आपल्या वाटेनें पुढें जात आलों होतों, हें कबूल केलें पाहिजे.

महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनीं १९ मार्च १९८६ रोजीं पत्नी व चार मुलांसह जीवनयात्रा संपविली. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून त्या दिवशीं ठिकठिकाणीं लोक अन्नत्याग करतात. मागें एका वर्षीं त्याच तारखेस आम्ही मैदानावरून जात असतां सतरंजीवर बसलेला एक गृहस्थ उठून पायां पडला.

"गुरुजी, वयखलं काय मले?"

चेहरा ओळखीचा, नांव कांहीं केल्या आठवेना.

"आठवीले तुमच्याच वर्गांत होतो. चक्रवाढ व्याज तुमीच शिकवलं."

तो हें हसून म्हणाला. आम्हांस हसूं आलें नाहीं. संस्कृताबरोबर गणितही आमच्याकडे असे. तीस वर्षें आम्हीं फळ्यावर लिहिलें कीं, एका शेतकऱ्यानें सावकाराकडून दरसाल दरशेंकडा अमुक दरानें कर्ज काढलें, तर तीन वर्षांनीं रास किती? उत्तर बरोबर आलें कीं पुरे गुण. तो शेतकरी ती रास आणतो कोठून, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं; मुलांनींही विचारलें नाहीं. विचारतां आलें असतें अशीं कित्येक मुलें वर्गांत होतीं.

त्यानें सरकून जागा केली. आम्ही बसलों. बोलणें निघालें तें २०१७ च्या खरिपाचें. त्या सालीं गुलाबी बोंडअळीनें कपाशी खाल्ली आणि फवारणीच्या विषानें जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी व मजूर दगावले. त्याचें स्वतःचें शेत कोरडवाहू. कर्जाचा आंकडा त्यानें सांगितला. तो येथें लिहिण्याचें कारण नाहीं. शेजारचे दोघे-तिघे अधूनमधून एखादा शब्द घालीत, बाकी शांतच होते. उन्हें वर आलीं तसा त्यानें आपला शेला आमच्या डोक्यावर धरला. आम्ही नको म्हटलें तरी ऐकेना. निघतांना धीर करून त्यास नांव विचारलें, आणि त्यानें तें वाईट वाटून न घेतां सांगितलें.

घरीं आलों तों पान मांडलेलें होतें. आज जेवणार नाहीं, म्हणून सांगितलें.

"आज एकादशी तर नाहीं ना, मामंजी?" सूनबाईंनीं विचारलें.

आम्हीं नाहीं म्हटलें, आणि माजघरांत सर्वांस बोलावून झालेलें सांगावयास बसलों.