ट्यूबलाइटमागची पाल

पाल दिसली की अम्मी चप्पल उचलायची. हजरत इब्राहीम यांच्या आगीवर पालीने फुंकर मारली, ही हदीस तिला पाठ. हदीसशी वाद घालायची माझी लायकी नाही. पण ट्यूबलाइटमागच्या एका पालीवर माझा जीव जडला होता. पहिल्याच आठवड्यात स्टूलवर चढून बोट लावायला गेलो, तर शेपूट टाकून पळाली. ते तुटलेलं शेपूट फरशीवर वळवळत राहिलं. फार शरम वाटली.

मग रोज मगरिबनंतर भिंतीला हात टेकून नुसता उभा राहायचो. ती बघायची, परत आत जायची. दोन-तीन महिन्यांनी माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर येऊन तिने पाखरू पकडलं. तोवर नवं शेपूटही आलं होतं, जरा आखूड. हात लावला नाही.

अम्मी दारातून बघत होती. म्हणाली, "खाना ठंडा हो रहा, चल."