भिंगापुढची कांच

मुंबई-हावडा लोहमार्गानें गोंदियास उतरून दक्षिणेकडे वळलें, कीं तळीं आणि धानाच्या बांध्या यांचें राज्य सुरू होतें. हा जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकारी म्हणून नवेगांवबांधच्या परिसरांत वर्षें काढलीं व तेथील पांखरांची ओळख मराठी घरांना करून दिली. तीं पांखरें पाहावीं, जमल्यास त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, या हेतूनें गेल्या हिवाळ्यांत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों.

बरोबर एक भारी किंमतीचें भिंग होतें. चार भावांच्या घरांत अशी वस्तु एकाची नसते. त्यामुळें तिच्याविषयीं मतेंही अनेक. भिंगाच्या तोंडावर फिरवून बसविण्याची साधी कांच, जिला फिल्टर म्हणतात, ती कधींही काढूं नये असा काकांचा दंडक. "काका, एवढें उत्तम भिंग घ्यावयाचें आणि त्याच्यापुढें खिडकी लावावयाची, हें काय हो?" असें पुतण्याचें म्हणणें.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. फिल्मच्या काळीं ही कांच अतिनील किरण अडवी. त्यामुळें दूरच्या देखाव्यावरील निळसर झांक कमी होई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत हें काम बव्हंशीं आंतील संवेदकापुढील थरच करतो; तेव्हां कांचेकडे उरली ती केवळ राखणदारी. नागझिऱ्याच्या कच्च्या रस्त्यांवर उघड्या गाडींतून हिंडतांना तिचें मोल कळतें. तासाभरांत धुळीचा थर बसतो. वारंवार पुसल्यानें जे चरे पडावयाचे ते कांचेवर पडतात, भिंगावर नव्हे. शिवाय कांहीं भिंगें पाण्याधुळीपासून पुरतीं बंदिस्त होतात, तीं ही कांच लावल्यावरच.

उलट पक्षीं, लेप नसलेल्या कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारें ४ टक्के प्रकाश परतवितो. दोन पृष्ठभागांचे झाले ८. उत्तम लेपानें हें प्रमाण पुष्कळच घटतें, परंतु दिवा किंवा सूर्य समोर असतां तेवढाही प्रकाश घोटाळा करतो. आघाताचें म्हणाल, तर ही पातळ कांच आधीं फुटते आणि तिच्याच कपच्या भिंगास ओरखडे पाडूं शकतात. धक्का सोसण्यास तोंडावरील हूडच अधिक उपयोगी.

वादाचा निकाल परतीच्या वाटेवर, परसवाड्याच्या तळ्याजवळील एका बांधींत लागला. सारसांचें जोडपें उगवत्या सूर्यापुढें उभें होतें. माणसाएवढा उंच हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यत्वें याच भागांत उरला आहे, तोही मोजक्या संख्येनें. पहिल्या चित्रांत सूर्याचें फिकट प्रतिबिंब नेमकें एकाच्या मानेवर आलें. काकांनीं तें पाहिलें, कांहीं न बोलतां स्वतः कांच फिरवून काढली आणि खिशांत ठेवली. दुसरें चित्र स्वच्छ आलें. तिसरें घेण्यापूर्वीं जोडपें उडून गेलें.

आमच्या घरीं आतां नियम ठरला आहे. धूळ, पाऊस, समुद्राचे तुषार व लहान मुलांचे हात यांच्यापुढें कांच असावी, आणि ती चांगल्या लेपाची असावी. सूर्यासमोर व रात्रींच्या दिव्यांपुढें ती उतरवावी. हूड सदैव असावें. भिंगावर धूळ बसलीच, तर आधीं रबरी पंपानें हवा मारून उडवावी, मग मऊ ब्रश वापरावा. कापड सर्वांत शेवटीं. भिंगाचा पैसा चौघांत वांटून पुन्हां उभा करतां येईल. सारसाचें जोडपें पुढल्या वर्षीं त्याच बांधींत उतरेल, याची हमी मात्र तेथील गांवकरीही देत नाहींत.