आर वाय आर वाय

आईनं मला सप्तशृंगीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा महिषासुर त्यात फार उशिरा आला. आधी आली ती देवीची मान. कड्यात कोरलेली आठेक फुटांची मूर्ती, अठरा हात, सगळं अंग शेंदरानं माखलेलं, आणि मान एका बाजूला किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बसून तिची स्तुती गात. दरी ओलांडून येणारे ते शब्द नीट ऐकू यावेत म्हणून देवीनं मान कलती केली, ती कायमची. मी विचारलं, "एवढ्या लांबचं ऐकू येतं?" भाकरी थापता थापता आई म्हणाली, "कान दिला की येतं."

पुढं माझी सगळी नोकरी कान देण्यातच गेली.

तेव्हा आमच्या वणी गावात फोन मोजके होते. ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसायचं. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि पैसे त्या मानानं. वडील कांद्याची गाडी भरून मुंबईला पाठवत आणि काय भाव मिळाला ते कळेपर्यंत पोस्टाच्या ओट्यावर चकरा मारत. त्यांच्या तोंडावरची ती ताटकळ मी लहानपणी पुष्कळ पाहिली. त्यामुळे डाक-तार खात्यात टेक्निशियनची नोकरी लागली आणि दूरच्या शहरातल्या टेलेक्स एक्स्चेंजमध्ये नेमणूक झाली, तेव्हा आपण योग्य जागी चाललोय असं मला मनापासून वाटलं.

टेलेक्स म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. टाइपरायटरसारखं यंत्र, त्याला डायल. नंबर फिरवून पलीकडचं यंत्र जोडलं गेलं की इथं दाबलेलं अक्षर त्याच क्षणी तिथल्या कागदावर उमटायचं. पलीकडच्या ऑफिसला कुलूप असलं तरी मजकूर येऊन कागदावर थांबायचा. आपल्याकडे ही सेवा 1963 साली सुरू झाली. यंत्रं मद्रासच्या हिंदुस्थान टेलिप्रिंटर्समध्ये बनत. तो कारखाना 1960 सालचा. 1969 मध्ये दिल्लीत देवनागरी टेलेक्सही आला. शहरांचे टेलेक्सचे आकडे फोनपेक्षा वेगळे होते: मुंबई 011, कलकत्ता 021, दिल्ली 031, मद्रास 041. आज 011 म्हटलं की सगळ्यांना दिल्ली आठवते. माझ्या बोटांना अजून मुंबईच आठवते.

परदेशाशी बोलणं 1971 पासून आर्वीच्या उपग्रह केंद्रातून होऊ लागलं. सुट्टीत पुणे-नाशिक रस्त्यानं गावी निघालो की नारायणगावला मी एस.टी.च्या खिडकीतून आर्वीच्या बाजूला बघायचो. तिथली ती प्रचंड तबकडी आकाशाकडे कललेली असायची, आणि मला दर वेळी सप्तशृंगी गडावरच्या देवीची मान आठवायची.

आमचं एक्स्चेंज स्ट्रोजर पद्धतीचं होतं. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतला अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा माणूस. या स्विचचं पेटंट त्याला 1891 मध्ये मिळालं. छताला टेकलेल्या रॅकच्या रांगा आणि रॅकवर ओळीनं सिलेक्टर. ग्राहकानं तीन फिरवला की सिलेक्टरचा दांडा तीन पायऱ्या वर चढायचा, आडवा वळायचा आणि त्या मजल्यावर मोकळी वाट शोधायचा. पुढचा आकडा पुढच्या सिलेक्टरला. शेवटचा सिलेक्टर दोन आकडे घ्यायचा, एकानं वर आणि दुसऱ्यानं आडवा. दहा मजले, दर मजल्यावर दहा घरं, अशा शंभर वाटा. बोलणं संपलं की दांडा सुटून जागेवर यायचा, खट्. सकाळी दहाला बँका आणि पेढ्या उघडल्या की सुपात हरभरा पाखडावा तसा आवाज हॉलभर सुरू व्हायचा, तो संध्याकाळपर्यंत.

या पसाऱ्याची निगा म्हणजे रोजची पूजा होती. रिलेच्या कॉन्टॅक्टमधलं अंतर फीलर गेजनं बघायचं, स्प्रिंगचा ताण ग्रॅममध्ये मोजायचा. कॉन्टॅक्ट काळा पडला तरी पॉलिशपेपर लावायचा नाही. पातळ बर्निशर मधून दोनदा फिरवायचा आणि हात आवरायचा, कारण जास्त घासलं की धातूच जातो. बॅटरी रूममध्ये ॲसिडचा उग्र वास. पायलट सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून ग्रॅव्हिटी वहीत लिहायची, पाणी उतरलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. पावसाळ्यात हवेतला ओलावा, उन्हाळ्यात धूळ. खिडकी उघडी राहिली म्हणून मी मोठमोठ्या माणसांना धावत जाताना पाहिलंय.

टेलेक्सवरचं प्रत्येक अक्षर पाच ठोक्यांचं. एक ठोका 20 मिलिसेकंदांचा. आधीची 'सुरू' आणि नंतरची 'थांब' ही खूण धरून अक्षराला 150 मिलिसेकंद लागत, म्हणजे मिनिटाला 400 अक्षरं. पाच ठोक्यांच्या जोड्या होतात बत्तीसच. त्यामुळे अक्षरं आणि आकडे एकाच जोडीत दाटीनं राहत, आणि 'आता आकडे येताहेत' असं सांगणारी खूण आधी पाठवावी लागे. ती एक खूण वाटेत बिघडली की पाचशे पन्नास हा आकडा पलीकडे 'टीटीपी' असा छापला जाई. ज्याच्या घरी भावाची वाट बघितली गेलीय, त्याला या तीन अक्षरांचा अर्थ चांगला कळतो.

अशीच तक्रार एकदा आली. एका ग्राहकाकडे आकड्यांच्या जागी अक्षरं येत होती. मी रात्रपाळीला होतो. त्या वाटेवरचा एकेक सिलेक्टर तपासला, सगळं स्वच्छ. सकाळी वहीत लिहिलं, 'फॉल्ट आढळला नाही.' दुपारी पुन्हा तीच तक्रार. तीन रात्री असंच झालं. चौथ्या दिवशी आमच्यातला एक जुना टेक्निशियन म्हणाला, "अरे, रात्री सगळं झोपलेलं असतं. दुखणं जागेपणी बघ. गर्दीला ये आणि नुसता उभा राहा." सकाळी अकराला मी त्या रॅकसमोर उभा राहिलो, चौकटीला तळहात लावून. शेजारचे सिलेक्टर धडाधड चढत-उतरत होते आणि प्रत्येक धक्का चौकटीतून हाताला कळत होता. अर्ध्या तासानं एका सिलेक्टरकडे लक्ष गेलं. त्याच्या दांड्यावरच्या हलत्या पात्याला, म्हणजे वायपरला, वीज पोचवणारी बारीक विणलेली दोरी असते. दांडा चढला की ती ताणते, उतरला की सैलावते. या दोरीचे धागे आतून तुटत आले होते. रात्री शेजार शांत असताना ते एकमेकांना टेकून राहत. दिवसा शेजारचा दांडा आपटला की क्षणभर सुटत, आणि तेवढ्यात कुणाचा तरी आकडा हरवत असे.

दोरी बदलायला दहा मिनिटं लागली. पण त्या दिवशी मी निगा या शब्दाचा अर्थ शिकलो. यंत्र मोकळं असताना त्याची तपासणी होते. ते राबत असताना शेजारी उभं राहावं लागतं. माणसाचंही असंच आहे. घरी गेल्यावर "बरा आहेस ना?" विचारलं की सगळे बरेच असतात.

लाइन तपासायला आमच्याकडे एक ठरलेला मजकूर असायचा: आर वाय आर वाय आर वाय. आर या अक्षरात दुसरा आणि चौथा ठोका, वायमध्ये पहिला, तिसरा आणि पाचवा. मजकूर कागदी पट्टीवर छिद्रांनी उतरवला की एकात जिथं छिद्र, दुसऱ्यात तिथं कोरं. यंत्राचा प्रत्येक भाग यात एकदा हलतो आणि एकदा थांबतो, म्हणून दोष लपत नाही. पट्टीवर ही छिद्रं उमटली की गोधडीच्या टाक्यांसारखी दिसायची, एका ओळीचा टाका दुसऱ्या ओळीच्या फटीत.

अशा पट्टीचा एक तुकडा मी गावी नेला होता. आईनं तो बोटानं चाचपला. "काय लिहिलंय?"

"काहीच नाही. आर वाय, आर वाय. वाट मोकळी आहे का बघायला पाठवतात."

"पलीकडून काय येतं?"

"नीट असलं तर हेच परत येतं."

ती थोडा वेळ पट्टी बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जपच की." आणि तिनं ती आपल्या सप्तशतीच्या पोथीत खूण म्हणून घातली.

इतक्या वर्षांत या कामाबद्दल मी बरीच जाड पुस्तकं वाचली, पण याहून नेमकं काही वाचलं नाही. लोकांचे शब्द आमच्या हॉलमधून दिवसरात्र जात. कुणाची हुंडी, कुणाच्या जहाजाची तारीख, कुणाच्या मरणाची बातमी. त्यातला एकही शब्द आमचा नसायचा. आमच्या वाट्याला आला होता तो एवढाच जप: आहेस का, आहेस का.

टेलेक्समधली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट म्हणजे आन्सरबॅक. नंबर लागला की 'तू कोण?' ही कळ दाबायची. पलीकडच्या यंत्रात बसवलेलं वीस खुणांचं नाव आपोआप छापून यायचं. माणसाला उठावं लागत नसे. यंत्रच ओळख द्यायचं. मग मजकूर, आणि शेवटी पुन्हा एकदा 'तू कोण?'. नवीन मुलं विचारायची, दुसऱ्यांदा कशाला? पहिल्या उत्तरानं कळतं की योग्य दाराशी आलो. दुसऱ्यानं कळतं की आपलं बोलणं संपेपर्यंत दार उघडं होतं. पेढ्यांचे मोठमोठे व्यवहार या दोन उत्तरांच्या भरवशावर होत.

मग फॅक्स आला, मग ई-मेल. 1991 पासून भारतातल्या बँका स्विफ्ट या बँकांच्या निरोप-जाळ्यावर जाऊ लागल्या. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्ये हलणारं फारसं काही उरलं नाही. खेड्यांसाठी सी-डॉट या सरकारी संस्थेनं छोटी स्वयंचलित एक्स्चेंज बनवली. पहिलं 1986 साली कर्नाटकात कित्तूरला लागलं. ती वातानुकूलनाशिवाय, आपल्या उन्हात आणि धुळीत चालत, याचा मला फार अभिमान वाटायचा. जुने रॅक मात्र उतरवले गेले. शेवटच्या दिवशी वीज बंद केली तेव्हा सगळे दांडे जागेवर होते, तरी आम्ही कितीतरी वेळ कान लावून उभे होतो. 2013 च्या जुलैत तारही बंद झाली.

निवृत्त होऊन मी वणीला परतलो. आई गेली. पोथी माझ्याकडे आहे. पट्टी अजून त्याच अध्यायात. मुलं लांब असतात, रात्री फोनवर 'पोचलो' असा निरोप येतो. मी लगेच उत्तर देतो: 'मिळाला.' त्यांना त्याची गरज वाटत नसेल, पण माझा हात थांबत नाही.

चैत्रातल्या चतुर्दशीला मध्यरात्री दरेगावचे मानकरी गडाच्या शिखरावर झेंडा लावायला जातात. त्या सरळ सुळक्यावर उजेडीही वाट दिसत नाही. रात्री तर नुसता काळोख. खाली पायी आलेली माणसं डोकं वर करून बसलेली असतात. ज्याला जे सांगायचं ते देवीला सांगून झालेलं असतं. आता फक्त शेवटचं उत्तर बाकी.

गेल्या खेपेला माझ्या शेजारी खानदेशातून चालत आलेली एक म्हातारी होती. पायाला फडकी बांधलेली, डोळ्यांवर हात धरलेला. उजाडायला लागलं, सुळक्याची कड स्पष्ट झाली आणि त्यावर काहीतरी हललं. "दिसला," ती म्हणाली. हात जोडले, पिशवी उचलली आणि परतीच्या वाटेला लागली.