बाहुली दिली ती गाडीतच

५ जानेवारी १९३९. फ्रांकफुर्टच्या स्टेशनवर दहा वर्षांची कारोला रूथ सीगल ज्यू मुलांना घेऊन स्वित्झर्लंडला निघालेल्या गाडीत बसली. वडिलांना आदल्या नोव्हेंबरातच नाझींनी उचलून नेलं होतं. पोचवायला आई आणि आजी आल्या होत्या. गाडी हलली तशा दोघी फलाटावरून धावू लागल्या. आपलं रडं त्यांना दिसू नये म्हणून पोर हसत हात हलवत राहिली. घरातल्या बाहुल्यांपैकी एकच तिनं बरोबर घेतली होती. गाडीतली एक धाकटी मुलगी काही केल्या गप्प होईना, तेव्हा रूथनं तीही देऊन टाकली.

सहा महिन्यांसाठी गेलेली ही मुलं स्वित्झर्लंडमधल्या हाइडनच्या बालगृहात सहा वर्षं राहिली. मुलींना तिथं मोलकरणीचं काम शिकवत. शिकायची भूक रूथ एका मित्राची पुस्तकं रात्री वाचून भागवी. घरून पत्रं येत. नाझींच्या छावणीतून सुटलेले वडीलही लिहीत. सप्टेंबर १९४१ नंतर पत्रं बंद झाली. पुढच्याच महिन्यात आईवडिलांना पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत धाडलं गेलं.

पुढे जेरुसलेम, पॅरिस, न्यूयॉर्क.

१९८० मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओवर रविवारी मध्यरात्रीनंतर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. तीच रूथ, आता चार फूट सात इंच उंचीच्या डॉ. रूथ वेस्टहाइमर, ठसठशीत जर्मन उच्चारात लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देऊ लागल्या. लोकांना त्याची गंमत वाटे. त्या मोकळेपणाचं मूळ मात्र मला त्या फलाटावर दिसतं. लाखो मुलं मारली गेली, आपण वाचलो, तर जगाच्या काही उपयोगी पडलं पाहिजे, असं त्या सांगत. स्वतःला त्या अनाथ म्हणवत. छळछावणीतून वाचलेल्यांत त्या स्वतःला गणत नसत.

न्यूयॉर्कच्या घरी त्यांनी बाहुलीघरं जमवली होती. लहानपणी आयुष्यातलं काहीच हाती नव्हतं. या इवल्याशा घरांत कोणी कुठं बसायचं, ते त्याच ठरवत.

२०१९ च्या त्यांच्यावरील माहितीपटात नात विचारते, आजी, तू स्त्रीवादी ना? आजी साफ नाही म्हणते आणि दोघींची जुंपते. त्याच चित्रपटात त्या आईवडिलांचं पुढे काय झालं याच्या नोंदी बघतात. आईच्या नावापुढे एकच शब्द आहे : बेपत्ता.

१२ जुलै २०२४ रोजी, ९६ व्या वर्षी त्या गेल्या. हिटलर हरला याचा पुरावा मागितला, तर त्या आपल्या चार नातवंडांकडे बोट दाखवत.