कऱ्हेच्या काठाकाठाने

लग्नात करवलीच्या हातात पाण्याने भरलेला कऱ्हा असतो, तो तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच पाहिलाय. त्याच नावाची एक नदी पुणे जिल्ह्यात वाहते, हे मात्र अष्टविनायक करून आलेल्या कितीजणींच्या ध्यानात राहते? पांडवांनी ब्रह्मदेवाचा कमंडलू कलंडवला आणि त्यातून कऱ्हा निघाली, अशी कथा पुरंदर तालुक्यात तिच्या उगमाकडे सांगतात. नाव भरल्या भांड्याचे आणि नदी मात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडी! या मुलखाची सगळी कहाणी इथूनच सुरू होते.

पुण्याहून सासवड, जेजुरी करत एस.टी. मोरगावला येते, ती साधारण कऱ्हेच्या सोबतीनेच. जेजुरीजवळ नाझरे धरणात नदीचे पाणी अडते आणि पुढे बारामती तालुक्यात ती शिरते ती बारीक होऊनच. मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन घ्यालच, पण घाई करू नका. देवळाच्या चार कोपऱ्यांवर मिनार आहेत आणि गणपतीसमोर चक्क भला मोठा नंदी! याच नदीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडलाय. ती राख कुठली म्हणाल? पार इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरची, हवेत उडून आलेली. तिचे वय किती, यावर पंडितांचा वाद आहे. पण अश्मयुगातल्या माणसांची दगडी हत्यारेही इथे मिळाली आहेत, म्हणजे माणूस या नदीला किती जुना धरून आहे ते बघा.

वाट थोडी वाकडी केली तर लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ आणि त्याची पुष्करणी पाहता येते. सुप्याकडे वळलात तर मयूरेश्वर अभयारण्य आहे. नाव मयूरेश्वर, पण पाहायची ती चिंकारा हरणे, खुरट्या माळावर पळणारी.

मोरगावच्या खाली कऱ्हाटी, कऱ्हावागज अशी गावे लागतात. नदीने नाव दिले, पाणी मात्र हात आखडून. सह्याद्रीच्या आडोशाला पडलेला हा भाग. पाऊस साल सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. म्हणून इथे बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी. हुलग्याचे शेंगोळे थंडीत इथे खावेत. आपल्या शहरी स्वयंपाकघरात ती चव उतरत नाही, असे माझे मत.

आणि मग बारामती जवळ आली की एकदम हिरवेगार ऊस! ही करामत कऱ्हेची नव्हे, नीरेच्या डाव्या कालव्याची. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने नीरेवर हे काम काढले आणि १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आले. भाटघर धरणाचे पाणी वीरजवळून या कालव्यात शिरते आणि बारामती शहरातून पुढे इंदापूर तालुक्यात जाते. कालव्याच्या खालच्या अंगाला नीरेपर्यंत बागायत, वरच्या अंगाला जिरायत. पाणी उताराने जाते, चढावर कसे चढणार? एका तालुक्याचे असे दोन तालुके झाले. खाली ऊस आणि साखर कारखाने, वर उन्हाळ्यात टँकरची वाट. सोयरीक जुळवताना मुलीच्या आईने जमिनीच्या आधी पाणी विचारावे, यात नवल ते काय? घागर शेवटी तिच्या लेकीच्याच कमरेवर येते. १९७२ च्या दुष्काळात याच वरच्या भागातल्या बायका खडी फोडायला रस्त्यावर उतरल्या होत्या. आता जानाई-शिरसाई, पुरंदर अशा उपसा योजनांनी काही गावांत पाणी चढवलेय, पण पंप चालू झाले तर पाणी! खालच्यांचेही सगळे गोड नाही हं. सढळ हाताने पाणी दिल्याने कित्येक चांगल्या काळ्या जमिनी खारावल्या, पांढऱ्या पडल्या.

बारामतीत पेशवाईच्या काळी बाबूजी नाईकांची सावकारी आणि सत्ता होती. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत कऱ्हेकाठी राहिले. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण आयुष्याचे काम सगळे इथले. आर्याभारत, केकावली आणि रामायणे तर शेकड्याने! वर्षाचा निम्मा काळ वाळूच दाखवणाऱ्या नदीच्या काठी बसून पंतांनी हा एवढा पसारा मांडला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आषाढात गेलात तर तुकोबांची पालखी इथेच भेटेल. काटेवाडीला परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. गर्दी सोसत नसेल तर श्रावण-भाद्रपदात जा. माळ हिरवा असतो, आणि पाऊस बरा झाला असेल तर कऱ्हेलाही पाणी असते. मग बारामतीहून सोनगावला जरूर जा. तिथे कऱ्हा नीरेला मिळते. काठावर सोनेश्वराचे देऊळ आहे. संगमावर दोन्ही पाणी एक होते, कालव्याखालचे आणि कालव्यावरचे, आणि तसेच पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेकडे निघून जाते.